काटा रोज का पडतो? स्लाऊमधल्या एका कॉम्बी बॉयलरचं प्रकरण

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेसहा, घर गारठलेलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं तर बॉयलरवर लाल दिवा लुकलुकतोय आणि प्रेशरचा काटा ०.४ वर झोपलाय. खालची फिलिंग लूपची, म्हणजे नळाचं पाणी आत घ्यायची चावी फिरवली, काटा १.२ वर आणला, रीसेटचं बटण दाबलं. बॉयलर पेटला, तासाभरात रेडिएटर तापले, मीही विषय डोक्यातून काढला. दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग चार दिवसांनी, मग एक दिवसाआड. डिसेंबरच्या मध्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी बॉयलरला पाणी पाजणं हा नेम झाला.

लंडनच्या पश्चिमेला स्लाऊमध्ये १९३०च्या दशकातलं जोडघर आहे आमचं. मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलेलं, तिथली जमीन काँक्रीटची, बाकी घराची लाकडी. नऊ रेडिएटर. बॉयलर नऊ वर्षांचा, कॉम्बी जातीचा, म्हणजे घर तापवणं आणि नळाला गरम पाणी देणं ही दोन्ही कामं एकच डबा करतो, वेगळी टाकी नाही. दरवर्षी सर्व्हिसिंग होत आलेलं. आणि त्या हिवाळ्यात सांगलीहून आई आली होती. या प्रकरणात तिचं काम गेजइतकंच महत्त्वाचं आहे, ते पुढे येईल.

आमच्याकडे बॉयलर म्हटलं की साखर कारखाना. वडील बॉयलर अटेंडंट होते. भट्टीत बगॅस म्हणजे उसाचा चोथा, वर वाफ, आणि काचेच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून नजर हलवायची नाही ही त्यांची शिस्त. त्या मानाने इथला घरगुती बॉयलर हे नावापुरतंच बॉयलर, कारण त्यात पाणी उकळत नाही. उकळलं तर बिघाड समजायचा. तेच ते पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवून नळ्यांतून फिरवायचं, रेडिएटरमधून गार होऊन आलं की पुन्हा तापवायचं, एवढाच कारभार. वर्तुळ बंद असतं. म्हणून पाणी भरावं लागतंय याचा अर्थ ते कुठूनतरी बाहेर जातंय. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. चूक त्यापुढे झाली.

पहिला माणूस आला तो वार्षिक कराराच्या कंपनीचा. वीस मिनिटांत त्याने बऱ्यापैकी पद्धतशीर काम केलं, हे आधी सांगतो. बॉयलरखाली हात फिरवला, कोरडं. कपाटाच्या तळाशी ओल नाही. मग पुढचं आवरण काढून गाडीच्या टायरला लावतात तसलं गेज आतल्या एका व्हॉल्व्हला लावलं. १.२ बार. ‘एक्स्पान्शन वेसल उत्तम आहे,’ म्हणाला, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणारं आतलं भांडं. मग निष्कर्ष: गळती नळ्यांत, बहुधा वाढवलेल्या भागाच्या काँक्रीटखाली. तांब्याची नळी काँक्रीटमध्ये नुसती गाडली असेल तर सिमेंट आणि ओलाव्याने ती वर्षानुवर्षं कुरतडली जाते, असं इथे होतं. त्यामुळे शंका बिनबुडाची नव्हती. पण जमीन फोडणं करारात बसत नाही, ते तुम्ही तुमचं बघा. तो गेला आणि मी जेमतेम दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या लॅमिनेटकडे बघत बसलो.

त्यानंतरचे दोन आठवडे मी जे केलं ते कबूल करायला जरा लाज वाटते. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर निम्म्यांनी सांगितलं की लीक सीलरची बाटली ओत, भोक आपोआप बुजतं. बाटली आणली, ओतली मात्र नाही. नळीतलं भोक बुजवणारं रसायन बॉयलरच्या आतल्या बारीक वाटा ओळखून सोडून देईल, याची खात्री कुणी देईना. मग प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर वाट पाहिली. एका नटाखाली हिरवट डाग मिळाला. पान्ह्याने पाव फेरा आवळला आणि चोर सापडला म्हणून घरात जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ०.४.

याच काळात आई एकदा म्हणाली, ‘अरे, मागच्या भिंतीशी तांब्याची नळी आहे ना, तिच्याखाली पांढरं धरलंय. शेवाळंही आलंय. पाणी टपकतंय तिथनं.’ ती रोज सकाळी मागच्या दारी पक्ष्यांना पोळीचे तुकडे टाकायला जायची. मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हटलं, ‘आई, अगं ते कंडेन्सेट. या बॉयलरमधून पाणी टपकायचंच.’

माझं वाक्य चूक नव्हतं, ते दुसऱ्या नळीबद्दल होतं. हल्लीचे बॉयलर कंडेन्सिंग असतात. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर साधारणपणे याच जातीचा लागतो. धुरातली पाण्याची वाफ गार करून तिच्यातली उष्णताही वापरायची ही त्यामागची युक्ती. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं की वाफेचं पाणी होतं, आणि ते किंचित आम्लयुक्त पाणी प्लॅस्टिकच्या नळीने गटारात जातं. ती नळी हिवाळाभर टपकली तरी काळजी नाही. पण तिच्याशेजारून भिंतीतून बाहेर येते ती १५ मिलिमीटरची तांब्याची नळी वेगळी. तिचं तोंड सुरक्षिततेसाठी भिंतीकडे वळवलेलं असतं आणि ती आयुष्यभर कोरडी राहायला हवी. प्रेशर ३ बारवर गेलं की आतला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी या नळीने बाहेर फेकतो. आई तांब्याची नळी म्हणाली होती. मला फक्त ‘नळी’ ऐकू आलं.

वहीतले आकडे

वळण आलं ते एका रविवारी, आणि तेही फारशा हुशारीने नाही. बॉयलरला पाणी पाजून मी तिथेच खुर्ची टाकून बसलो, कारण घर गरम व्हायला वेळ होता आणि कपाटापाशी थोडी ऊब होती. हाती मुलाची शाळेची वही होती. लिहीत गेलो.

सात वाजता, बॉयलर थंड: १.२. सात वीसला, जाणारं पाणी ६० अंश: २.१. सात चाळीसला, ७० अंश: २.९. आठ वाजता: २.९. सव्वाआठला: २.९. मग हीटिंग बंद केलं. साडेदहाला रेडिएटर गार झाल्यावर: ०.४.

तोवर आम्ही सगळे फक्त सकाळचा आकडा बघत होतो. काटा पडतो, काटा पडतो. पण पडायच्या आधी तो चढत होता, नको इतका. आणि तीनच्या अलीकडे जाऊन कुणीतरी धरून ठेवल्यासारखा थांबत होता. काँक्रीटखालच्या नळीला भोक असेल तर काटा इतका चढायचं काही कारण नाही.

गणित साधं आहे. पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर नेलं की साधारण २.२ टक्के फुगतं. आमच्या नळ्या, रेडिएटर आणि बॉयलर मिळून अंदाजे ८० लिटर पाणी धरलं तर पावणेदोन लिटरच्या वर पाणी नव्याने ‘जन्माला’ येतं. पाणी दाबलं जात नाही. मग ते जायचं कुठे? जुन्या इंग्रजी घरांत पोटमाळ्यावर एक उघडी छोटी टाकी असायची, फुगलेलं पाणी तिच्यात चढायचं, गार झालं की उतरायचं. कॉम्बी आला आणि टाकी गेली. तिच्या जागी बॉयलरच्या पाठीमागे लोखंडी पातेल्यासारखं एक भांडं आलं, तेच एक्स्पान्शन वेसल. आमच्याकडे ते ८ लिटरचं. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला नळ्यांतलं पाणी, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेच्या बाजूला सरकतो. हवा ही पाण्याची उशी.

उशीत ०.९ बार हवा असेल आणि थंड असताना काटा १.२ वर ठेवला असेल, तर पूर्ण तापल्यावर तो दोनच्या आसपास यायला हवा. हे बॉइलच्या नियमाने पाठकोऱ्या कागदावर काढता येतं, मीही काढलं. आमचा काटा तीनला भिडत होता. म्हणजे उशीत हवा जवळजवळ नव्हतीच. फुगलेल्या पाण्याला एकच वाट उरली, सेफ्टी व्हॉल्व्ह. रोज सकाळी पाणी फुगायचं, जास्तीचं पाणी व्हॉल्व्ह बाहेर टाकायचा. गार झाल्यावर आत तेवढंच पाणी कमी, म्हणून काटा तळाला. मी चावी फिरवून पुन्हा भरायचो, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाहेर फेकायला ताजा माल. पाणी कमी होत होतं खरं, पण संपली होती ती हवा.

आता आईचं वाक्य आठवलं. मागच्या दारी गेलो. तांब्याच्या नळीच्या तोंडाशी पांढरा खरखरीत थर, इथल्या जड पाण्यातल्या चुन्याचा. भिंतीवर हातभर लांब हिरवा ओघळ. खाली खडी, त्यामुळे लिटरभर पाणी पडलं तरी डबकं व्हायचं नाही. संध्याकाळी हीटिंग सुरू करायच्या आधी नळीखाली काहीतरी पसरट ठेवायला हवं होतं. घरात तसलं एकच भांडं, आईने सांगलीहून आणलेली कणकेची परात. तीस-चाळीस मिनिटांनी नळी सू-सू करू लागली, गरम पाण्याची बारीक धार, वर वाफ. परातीतलं पाणी मापात ओतलं तर जेमतेम लिटरभर. रंग पातळ चहासारखा, तळाशी काळी पूड. आई दारात उभी. ‘ती परात आता परत घरात आणू नकोस,’ एवढंच म्हणाली.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीचं तोंड कधीही बुजवायचं नसतं, खाली भांडं ठेवायचं ते मोकळं. आणि धार गरम असते, मुलांना लांब ठेवावं.

जमीन निर्दोष सुटली

एक शंका उरली होती. वेसल रिकामं असेलही, पण सोबत काँक्रीटखालीही गळती असली तर? दोन आजार एकाच वेळी असायला बंदी नाही. यासाठी एक जुनी चाचणी आहे, बिनखर्चाची. बॉयलरच्या खाली हीटिंगच्या दोन नळ्या असतात, एक जाणारी, एक परतीची, दोन्हींवर बंद करायचे व्हॉल्व्ह. हीटिंग बंद करून, सगळं पूर्ण गार झाल्यावर काटा १.४ वर आणला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले. आता काटा फक्त बॉयलरच्या पोटातलं प्रेशर दाखवणार, नळ्या आणि रेडिएटर वेगळे पडले. त्या रात्री गरम पाण्याचा नळही कुणी सोडायचा नाही असं घरात बजावलं. तांब्याच्या नळीला एक सँडविचची पिशवी सैल अडकवून ठेवली.

सकाळी काटा ०.८. पिशवीत वाटीभर पाणी. म्हणजे गळती बॉयलरच्या आतच होती, आणि काहीही तापवलेलं नसताना, १.४ वरसुद्धा सेफ्टी व्हॉल्व्ह गळत होता. दोन्ही व्हॉल्व्ह उघडले तर काटा उलट थोडा वर सरकला, कारण रात्रभर नळ्यांनी आपलं प्रेशर धरून ठेवलं होतं. काँक्रीटखाली भोक असतं तर काटा खाली आला असता. लॅमिनेट वाचलं.

हाताला सुचणारं पुढचं काम मी केलं नाही. इंग्लंडमध्ये गॅसच्या उपकरणावर पैसे घेऊन काम करायचं तर माणूस गॅस सेफ नोंदणीतला लागतो. २००९ मध्ये ही नोंदणी कॉर्गी नावाच्या जुन्या नोंदणीच्या जागी आली. आमच्या बॉयलरचं पुढचं आवरण हाच ज्वलनकक्षाच्या हवाबंद कोंदणाचा भाग आहे. ते नीट परत बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात, आणि त्याला वास नसतो. वेसलचा व्हॉल्व्ह नेमका त्या आवरणाच्या आत. वडिलांनीही कारखान्यात बॉयलर असा कुणाला उघडू दिला नसता.

दुसरा माणूस

शेजारच्या सरदारजी अंकलनी एक म्हातारा गॅसवाला सुचवला, एकट्याने काम करणारा. आल्या आल्या त्याने न विचारता आपलं कार्ड दाखवलं, मागची बाजूसुद्धा, कारण कोणत्या कामांची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. मी वही पुढे केली. त्याने चष्मा वर करून सहा ओळी वाचल्या आणि विचारलं, ‘आधीच्याने वेसल तपासलं होतं?’ म्हटलं, हो, १.२ बार भरलं. ‘तेव्हा पाण्याचं प्रेशर किती होतं?’

मी वही उलटी करून त्या दिवसाची नोंद शोधायला लागलो आणि मध्येच थांबलो. सकाळीच भरलं होतं. १.२.

या प्रकरणातली सर्वांत देखणी चूक ती हीच. रबरी पडद्याच्या पलीकडे पाणी १.२ बारने दाबत असेल, तर अलीकडे चमचाभर हवा उरली असली तरी ती १.२ वरच दाबलेली असणार. भरलेली उशी आणि फाटक्या पिशवीएवढी उशी, दोन्हींचा आकडा एकच. टायर गेजने हवा मोजलीच नव्हती, भिंतीपलीकडून पाणीच मोजलं होतं. हवा किती आहे ते कळायला आधी पाण्याचं प्रेशर शून्यावर आणावं लागतं.

त्याने तेच केलं. बॉयलर बंद, खालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, ड्रेनच्या तोटीला नळी लावून काटा शून्यावर. मग गेज लावलं, काटा हललाच नाही. व्हॉल्व्हची पिन नखाने दाबली. पाणी आलं असतं तर पडदा फाटला असं समजायचं आणि वेसलच बदलायचं. पाणी आलं नाही. हवेचं फुस्ससुद्धा झालं नाही. ‘पडदा शाबूत, पोट रिकामं,’ म्हणाला, आणि व्हॅनमधून पायाने मारायचा सायकलचा पंप घेऊन आला. ड्रेनची तोटी त्याने मुद्दाम उघडी ठेवली. पंप मारत गेला तसतसं वेसलमध्ये साचलेलं काळं पाणी पडद्याने ढकलून नळीवाटे बादलीत येत राहिलं, आधी धार, मग थेंब. थेंब थांबल्यावरही मारत राहिला, ०.९ पर्यंत. मग बोटाला साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवलं. आमच्या गल्लीतला पंक्चरवाला थुंकी लावायचा, एवढाच फरक. बुडबुडा आला नाही. पंधरा मिनिटं वाट पाहिली, ०.९ हललं नाही.

मग हवा गेली कुठे? रबरातून. टायर न फुटता वर्षभरात बसतो तसंच, फक्त सावकाश, नऊ वर्षांत. दरवर्षीच्या सर्व्हिसिंगमध्ये ज्वाला, धूर, गॅसचा दाब सगळं पाहिलं जायचं. वेसलची हवा पाहायची तर बॉयलर रिकामा करावा लागतो, आणि माझ्याकडच्या नऊपैकी एकाही कागदावर वेसलचा आकडा नव्हता.

सेफ्टी व्हॉल्व्ह त्याने न विचारता बदलला. हा व्हॉल्व्ह क्वचित कधीतरी उघडायचा असतो, रोज नव्हे. काढलेला व्हॉल्व्ह त्याने माझ्या तळहातावर ठेवला. रबरी बैठकीत काळे कण रुतले होते, कडेला चुन्याचा पांढरा कंगोरा. इतक्या वेळा उघडून बंद झाल्यावर तो पुन्हा नीट बसणं शक्य नव्हतं. नुसती हवा भरून तो निघून गेला असता, तर काटा चढला नसता, पण पडत राहिला असता, आणि मी पुन्हा जमिनीकडे बघू लागलो असतो.

काळे कण आले ते माझ्या रोजच्या चहाआधीच्या पाणी पाजण्यातून, निदान काही प्रमाणात तरी. बंद वर्तुळातलं जुनं पाणी निरुपद्रवी होतं, कारण त्यातला ऑक्सिजन कधीच संपलेला असतो. मी पंचवीसेक वेळा लिटर-लिटर ताजं पाणी घातलं. ऐंशीतलं जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी नवं, सोबत नवा ऑक्सिजन आणि नवा चुना. रेडिएटरच्या पोलादाला आतून गंज, त्याची ती काळी पूड. आणि गंज रोखायला घातलेलं इनहिबिटर तेवढंच पातळ झालेलं. परतीच्या नळीवरच्या चुंबकाच्या फिल्टरमधून काजळासारखा लगदा निघाला, बोटाला लागला तर साबणानेही लवकर जाईना. त्याने फिल्टर धुतला, इनहिबिटरची लिटरभराची बाटली घातली, काटा १.२ वर आणला आणि शेवटी धुराची तपासणी करून आवरण लावलं. कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलने लिहिलं: वेसल ०.९, आणि तारीख.

त्या संध्याकाळी पुन्हा वही घेऊन बसलो. थंड १.२. साठ अंशांवर १.६. सत्तरवर १.९, आणि तिथेच. सकाळी १.२. मागच्या भिंतीशी जाऊन नळीच्या तोंडाला बोट लावून आलो, कोरडं.

लीक सीलरची बाटली अजून कपाटात आहे, सील न तोडलेली. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तर एकाने अंगठा दाखवला आणि दुसऱ्याने विचारलं, मग सीलर कोणता चांगला?

आई मार्चमध्ये सांगलीला परत गेली, परात न घेता. गेल्या रविवारी फोनवर हवापाणी, गुडघे, शेजाऱ्यांचं लग्न असं सगळं झाल्यावर तिने विचारलं, ‘काटा किती?’

‘एक पॉइंट दोन.’

‘थंड का गरम?’